देवीच्या वर्तुळातले मौन

इंग्लंडमधील एका लहानशा धर्ममंडळात १९५७ साली फूट पडली. मंडळाचे संस्थापक जेराल्ड गार्डनर तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते, तर मंडळाच्या प्रमुख पुजारीण डोरीन व्हॅलिएंटे पस्तिशीच्या होत्या. गार्डनर यांना प्रसिद्धीचा सोस होता. ज्या पंथात गुप्ततेची शपथ घ्यावी लागते त्या पंथाची हकिगत ते बातमीदारांना मोकळेपणाने सांगत, आणि त्यामुळे इतरांच्या नोकरीवर व घरादारावर संकट येईल, अशी धास्ती व्हॅलिएंटे यांना व त्यांच्या सोबत्यांना वाटू लागली होती. त्यांनी काही नियमांचा मसुदा तयार करून गार्डनर यांच्यापुढे ठेवला. त्यावर त्यांना असे उत्तर मिळाले की, नवे नियम करण्याचे प्रयोजनच नाही. पंथाचे प्राचीन कायदे पूर्वीपासून आहेतच. उत्तराबरोबर जुनाट वळणाच्या भाषेत लिहिलेली त्या कायद्यांची यादीही आली. प्रमुख पुजारिणीने वय उतरणीला लागताच तरुण स्त्रीसाठी आपले आसन खळखळ न करता मोकळे करावे, असे त्यातील एक कलम होते.

व्हॅलिएंटे यांची अडचण, किंवा त्यांचे सामर्थ्य म्हणा, एवढेच होते की, पंथातील पूजाविधींचा बराचसा भाग त्यांनी स्वतःच लिहिलेला होता. जुने कोणते आणि कालपरवाचे कोणते हे त्यांना कोणी शिकवावयाची गरज नव्हती. हे कायदे इतकी वर्षे कोठे होते, हा त्यांचा साधा प्रश्न होता. त्याला उत्तर नव्हते, म्हणून त्या आपल्या सोबत्यांसह बाहेर पडल्या. ही सारी हकिगत त्यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रीबर्थ ऑफ विचक्राफ्ट’ या ग्रंथात सांगितली आहे.

या प्रसंगात कोणी कोणावर हात उगारला नाही. तरीही आज पाश्चात्त्य देशांतील पेगन समाजांत आध्यात्मिक छळ आणि जोडीदाराकडून होणारी हिंसा यांचा जो अभ्यास होऊ पाहत आहे, त्याचे बीज या प्रसंगात स्पष्ट दिसते. पुरुषाच्या सोयीला प्राचीनतेचे वस्त्र चढविले की ती सोय न राहता धर्म होते. मग तिला विरोध करणारी स्त्री नवऱ्याशी किंवा गुरूशी भांडणारी राहत नाही. ती देवतेशी भांडणारी ठरते.

‘पेगन’ हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा असला तरी त्याचा आजचा अर्थ थोडा उलगडून सांगावयास हवा. ख्रिस्ती धर्माच्या पूर्वीचे युरोपातील देवधर्म मानणाऱ्यांना ख्रिस्ती मंडळी तुच्छतेने पेगन म्हणत. विसाव्या शतकात काहींनी तोच शब्द अभिमानाने स्वीकारला. गार्डनर यांचा जन्म १८८४ चा. तरुणपणी सिलोनमधील चहाच्या मळ्यावर आणि पुढे मलायातील जकात खात्यात नोकरी करून ते १९३६ साली मायदेशी परतले. इंग्लंडमधील १७३५ चा जादूटोणाविषयक कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनर यांनी ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक लिहून, एक प्राचीन चेटूकधर्म गुप्तपणे जिवंत राहिला असून आपण त्याची दीक्षा घेतली आहे, असे जाहीर केले. या कल्पनेला विद्वत्तेचा आधार पुरविला होता तो मार्गारेट मरे या विदुषींनी. त्यांचा जन्म १८६३ साली कलकत्त्यात झाला होता. युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून जाळले गेले ते एका जुन्या धर्माचे अनुयायी होते, असा सिद्धांत त्यांनी १९२१ साली मांडला होता. इतिहासकारांनी तो पुढे मोडीत काढला. रोनाल्ड हटन यांच्या १९९९ च्या ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ या ग्रंथानंतर तर अखंड परंपरेचा दावा जाणत्या पेगनांपैकीही फारसे कोणी करीत नाही. विक्का या नावाने ओळखला जाणारा हा पंथ विसाव्या शतकातील आहे, हे आता बहुतेकांना मान्य आहे. नवेपणाने धर्म खोटा ठरत नाही, हेही तितकेच खरे.

संख्येने ही मंडळी थोडी आहेत. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या खानेसुमारीत सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा, तर सुमारे १३ हजारांनी ‘विक्का’ असा नोंदविला. दहा वर्षांपूर्वी पेगनांचा आकडा ५७ हजारांच्या आसपास होता. अमेरिकेत या पंथाला १९७० नंतर स्त्रीमुक्तीच्या चळवळीचे बळ मिळाले. स्टारहॉक या लेखिकेचे ‘द स्पायरल डान्स’ हे १९७९ चे पुस्तक हाती धरून हजारो स्त्रिया या मार्गाला लागल्या. आकाशातल्या बापाला कंटाळलेल्या या स्त्रियांना देवी हवी होती, आणि ती येथे मिळाली. पोप नाही, बिशप नाही, धर्मपीठ नाही. आठदहा जणांचे ‘कव्हन’ नावाचे मंडळ, कोणाच्या तरी घरातील बैठकीची खोली अथवा गावाबाहेरचे रान, जमिनीवर आखलेले वर्तुळ आणि चंद्राच्या तिथी, एवढाच काय तो संभार. कोणाला इजा होत नसेल तर मनाला पटेल तसे वागावे, एवढाच त्यांचा मुख्य आचारनियम.

जेथे स्त्री हीच देवतेचे रूप मानली जाते तेथे तिला मारहाण कशी होईल, असा प्रश्न या मंडळींना पडत असे व अजूनही पडतो. महाराष्ट्रातील वाचकाला तो पडू नये. नवरात्रात घट बसविणाऱ्या घरांतून काय काय घडते, हे त्याला ठाऊक असते. देवीची पूजा आणि घरातील बाईची प्रतिष्ठा या दोन गोष्टी एकाच देव्हाऱ्यात नांदतात असे मानण्यास कोणत्याही देशाच्या इतिहासात आधार नाही.

जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेचा पद्धतशीर अभ्यास हा तसा अलीकडचा. लंडनच्या चिझिक भागात १९७१ साली मारहाण झालेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह निघाले. लेनोर वॉकर यांचे ‘द बॅटर्ड वुमन’ १९७९ साली आले. हिंसा अखंड चालू नसते. ताण साचतो, स्फोट होतो, मग पश्चात्तापाचा गोडवा येतो आणि चक्र पुन्हा फिरते, असे त्यांनी दाखविले. अमेरिकेतील डलूथ या गावी पुढच्या काही वर्षांत पीडित स्त्रियांच्या सांगण्यावरून एक चक्राकार आकृती तयार झाली. पैसा अडवून धरणे, माणसे तोडणे, मुलांचा धाक घालणे, मानहानी करणे अशा आरे असलेल्या त्या चक्राच्या मध्यभागी ‘सत्ता आणि नियंत्रण’ हे शब्द होते. एव्हन स्टार्क यांनी २००७ साली ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ या ग्रंथात हाच विचार पुढे नेला. ठोसा हा गुन्ह्याचा केवळ दिसणारा भाग असून खरा गुन्हा म्हणजे माणसाला त्याच्याच घरात बंदिवान करणे होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. इंग्लंड व वेल्समध्ये अशा वागणुकीला स्वतंत्र गुन्हा ठरविणारे कलम २०१५ च्या अखेरीस अमलात आले.

‘आध्यात्मिक छळ’ हा शब्दप्रयोग दुसऱ्या वाटेने, ख्रिस्ती मंडळींतूनच रूढ झाला. नॅन्सी नेसन-क्लार्क यांनी १९९७ साली ख्रिस्ती घरांतील मारहाणीवर ग्रंथ लिहिला. ब्रिटनमध्ये लिसा ओकली यांनी चर्चमधील अशा छळाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. २०१८ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीला सुमारे १६०० लोकांनी उत्तरे पाठविली, व त्यांतील सुमारे एक हजारांनी असा छळ आपल्या वाट्याला आल्याचे सांगितले. ज्यांना सांगावयाचे होते तेच पुढे आले असल्याने या आकड्यावरून एकूण समाजाचे प्रमाण काढता येत नाही. तथापि एक हजार माणसे म्हणजे एक हजार माणसे. ब्रिटनमधील इव्हँजेलिकल अलायन्सने मात्र या शब्दालाच हरकत घेतली. छळाला ‘आध्यात्मिक’ हे विशेषण लावले की उद्या साधा उपदेशही गुन्हा ठरेल, असा त्यांचा आक्षेप होता. तो सर्वस्वी पोकळ नाही. उपदेश कोठे संपतो आणि जाच कोठे सुरू होतो, ही सीमारेषा आखल्यावाचून संशोधन पुढे सरकणार नाही.

पेगन घरांत ही सीमारेषा अधिकच पुसट होते, आणि ती का होते हे पंथाच्या रचनेतच पाहावे लागते. गार्डनर यांच्या परंपरेत दीक्षा पुरुषाने स्त्रीला व स्त्रीने पुरुषाला द्यावयाची असते. मंडळाचे प्रमुखपद बहुधा एका जोडप्याकडे असते, आणि पुष्कळदा हे जोडपे व्यवहारातही पतिपत्नी असते. म्हणजे ज्याच्याशी संसार करावयाचा तोच गुरू, तोच पुरोहित. दीक्षेच्या पायऱ्या असतात व पुढची पायरी कधी द्यावयाची हे वरच्याने ठरवावयाचे असते. वर्तुळात प्रवेश करताना संपूर्ण प्रेम आणि संपूर्ण विश्वास यांची ग्वाही द्यावी लागते. शब्द सुंदर आहेत. परंतु काल रात्री ज्याने थोबाडीत मारली त्याच्या शेजारी उभे राहून ही ग्वाही देण्याची वेळ ज्या बाईवर येते, तिला ती शंका विसरण्याची आज्ञा वाटते. शंका आलीच तर दोष मारणाऱ्याकडे जात नाही, तिच्या विश्वासाच्या उणेपणाकडे जातो. त्यातून शपथ गुप्ततेची. वर्तुळातील गोष्ट बाहेर बोलावयाची नाही, हा नियम एके काळी नोकरी व घर वाचविण्यासाठी होता. घरातल्या घरात तोच नियम हिंसकाची ढाल होऊन बसतो.

शिवाय हत्यारेही निराळी असतात. बायकोचा ठेवणीतला देव्हारा लाथेने उधळणे, तिच्या ध्यानाच्या वेळी मुद्दाम खोडी काढणे, देवतेने आपल्याला दृष्टांत देऊन तू अमुक करावेस असे सांगितले आहे असे बजावणे, सोडून गेलीस तर मागे शाप लागेल असे धमकावणे. श्रद्धा नसणाऱ्याला यांतील शेवटची धमकी हास्यास्पद वाटेल. पण ज्या स्त्रीच्या जगात मंत्राला सामर्थ्य आहे तिच्या दृष्टीने ती सुऱ्याच्या धमकीइतकीच खरी असते. एखाद्या धमकीचे वजन ऐकणाऱ्याच्या विश्वासावर ठरते, सांगणाऱ्याच्या सामर्थ्यावर नव्हे. पोलीस ठाण्यातील अंमलदाराला ही गोष्ट समजावून सांगणे मात्र कठीण.

येथे भारताचा एक धागा येऊन मिळतो, आणि तो अभिमानाचा नाही. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक १८७९ साली मुंबईस आले. या सोसायटीने कर्म आणि पुनर्जन्म हे शब्द पाश्चात्त्य गूढवाद्यांच्या तोंडी रुळविले. पुढे पेगन पंथाने ते उचलले व त्यांना आपल्या तिप्पट परतफेडीच्या कल्पनेची जोड दिली. केलेले बरेवाईट करणाऱ्याकडे तिपटीने परत येते, अशी ही कल्पना. ज्याने छळ केला त्याला वचक बसावा हा तिचा हेतू. प्रत्यक्षात ती उलटी फिरते. मार खाणाऱ्या बाईला सांगितले जाते की, तुझ्याच मागच्या जन्मीचे हे फळ. आणि तिने तक्रार केली तर त्या वाईट चिंतण्याचे फळ तिलाच तिप्पट मिळेल. एखाद्या तरुणीला जाळ्यात ओढावयाचे तर पूर्वजन्मी आपण पतिपत्नी होतो, हे सांगणेही सोपे. महाराष्ट्राला ही क्लृप्ती नवी नाही. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा अखेर संमत झाला, त्याच्या अनुसूचीत पूर्वजन्मीची पत्नी, पती वा प्रियकर असल्याचे भासवून शरीरसंबंध ठेवण्याच्या कृत्याचा स्पष्ट उल्लेख आहे. इंग्रजी कायद्यात असे नेमके कलम आढळत नाही.

मग या समाजाने आपल्या घरातील दुखण्याकडे इतकी वर्षे पाठ का फिरविली? दुष्टपणा हे उत्तर पुरेसे नाही. या मंडळींवर एकदा फार मोठा खोटा आळ आला होता. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत व ब्रिटनमध्ये सैतानपूजकांची टोळकी लहान मुलांचा बळी देतात व त्यांच्यावर अत्याचार करतात, अशी आवई उठली. कॅलिफोर्नियातील एका बालवाडीचा खटला १९८३ पासून १९९० पर्यंत चालला आणि त्यातून एकही दोषसिद्धी झाली नाही. ब्रिटनमध्ये रॉचडेल येथे १९९० साली व ऑर्कनी बेटांवर १९९१ साली सरकारी अधिकाऱ्यांनी मुले आईबापांपासून तोडून नेली. पुढे आरोप टिकले नाहीत. वर्तुळ आखून मेणबत्ती लावणारा प्रत्येक जण त्या दिवसांत संशयित होता. मानववंशशास्त्रज्ञ जीन ला फाँटेन यांनी ब्रिटिश सरकारसाठी चौकशी करून १९९४ साली अहवाल दिला. सैतानी अत्याचाराचा कोणताही पुरावा नाही, हा त्यांचा निष्कर्ष पेगनांनी सुटकेचा श्वास टाकून स्वीकारला.

परंतु त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. तपासलेल्या प्रकरणांपैकी तीन प्रकरणांत विधींचा वापर खरोखरच सिद्ध झाला होता. तेथे सैतानपंथ नव्हता. आपल्या अंगी गूढ शक्ती आहे असे सांगून, विधीच्या आवरणाखाली मुलांना वश करणारी माणसे तेथे होती. वासना हा हेतू होता, विधी हे साधन. संपूर्ण पंथाला निर्दोष ठरविणारा कागदच असे सांगत होता की, गूढ शक्तीचा दावा हे अत्याचाराचे कामचलाऊ हत्यार आहे. पहिले वाक्य सर्वांनी पाठ केले, दुसरे वाचावयाचे राहिले. खोट्या आरोपाने पोळलेला समाज खऱ्या आरोपालाही आगीसारखा भितो, हे मानवी स्वभावाला धरून आहे. त्याची किंमत मात्र समाज देत नाही; आत अडकलेली स्त्री देते, मूल देते.

बाहेरचे न्यायालयही तिला आपले वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यात एका विक्कापंथीय दांपत्याचा घटस्फोट झाला. त्या वेळी खालच्या न्यायालयाने, दोघेही आईबाप त्याच पंथाचे असताना व दोघांपैकी कोणाचीही तशी मागणी नसताना, मुलाला त्या पंथाच्या श्रद्धांपासून दूर ठेवावे, असा आदेश हुकूमनाम्यात घातला. वरच्या न्यायालयाने तो ऑगस्ट २००५ मध्ये काढून टाकला, हे खरे. पण घर सोडण्याच्या विचारात असलेल्या आईच्या मनात खालच्या न्यायालयाचाच निकाल घर करून राहतो. आपला धर्म उघड झाला तर मूल जाईल, ही भीती नवऱ्याच्या हातात आयती सापडते. तो केवळ एवढेच म्हणतो की, मी न्यायाधीशाला सांगेन.

पुढे काही प्रकरणांनी मौन मोडले. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील ट्रुरो येथे २०१२ च्या अखेरीस दोन वृद्धांना अनेक वर्षांपूर्वी विधींच्या आडून मुलींवर केलेल्या अत्याचारांबद्दल दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. त्यांतील एक जण स्वतःला कव्हनचा मुख्य पुरोहित म्हणवीत असे. अमेरिकेत २०१४ च्या मार्च महिन्यात पेगन मेळाव्यांतून गाणाऱ्या एका नामांकित गायक-लेखकाला मुलांच्या अश्लील चित्रांच्या संग्रहाबद्दल अटक झाली आणि २०१७ साली त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. अटकेनंतर त्याची पूर्वीची पत्नी उघडपणे बोलली, आणि मग असे दिसून आले की कुजबुज फार पूर्वीपासून होती. मेळाव्यांची आमंत्रणे मात्र थांबली नव्हती. या धक्क्यातून क्रिस्टीन हॉफ क्रेमर आणि इव्हॉन अबरो यांनी २०१६ साली ‘पेगन कन्सेंट कल्चर’ हा लेखसंग्रह संपादित केला. संमती म्हणजे काय, विधीत अंगाला हात लावण्यापूर्वी विचारावे की नाही, दीक्षा देणाऱ्याने शिष्येशी संबंध ठेवावा काय, असे प्रश्न त्यात आतल्याच माणसांनी मांडले आहेत.

तत्पूर्वी विचारच झाला नव्हता असे नाही. आयझॅक बोनविट्स या अमेरिकन पेगन लेखकाने १९७९ सालीच एक प्रश्नावली तयार केली होती. पुढाऱ्याची हुकमत किती, पैशाची मागणी किती, बाहेरच्या नातेवाइकांशी संबंध तोडण्याचा आग्रह किती, विनोद सहन होतो की नाही, अशा कसोट्यांवर कोणताही पंथ धोकादायक आहे काय हे गुण देऊन ठरवावे, अशी तिची योजना. प्रश्नावली उपयुक्त होती व आहे. तिचे कर्ते २०१० साली वारले, आणि त्यानंतर काही वर्षांनी एका स्त्रीने आपल्या बालपणी त्यांनी आपल्यावर अत्याचार केल्याचा आरोप पुस्तकातून जाहीरपणे केला. आरोपाची न्यायालयात शहानिशा झालेली नाही, आणि आता आरोपीची बाजू ऐकण्याची सोयही उरलेली नाही. तथापि मंडळींना एक गोष्ट उमगली. ती प्रश्नावली मंडळाचे मोजमाप करते. घराच्या बंद दाराआड ती पोहोचत नाही.

संशोधकांसमोरचे खरे काम या दाराशीच सुरू होते, आणि ते किचकट आहे. मारहाण मोजण्यासाठी मरे स्ट्रॉस यांनी १९७९ साली बनविलेली एक मोजपट्टी जगभर वापरात आहे. ढकलले काय, थोबाडीत मारली काय, वस्तू फेकली काय, किती वेळा, असे ती विचारते. कोणी कोणाला का मारले व त्यानंतर भीती कोणाला वाटली, हे तिला कळत नाही, अशी टीका तिच्यावर पूर्वीपासून आहे. पेगन घरांत ती दुहेरी फसते. शापाचा धाक, उधळलेला देव्हारा, अडवून ठेवलेली दीक्षा यांना तिच्यात रकाना नाही. उलट गार्डनरी दीक्षेत दोरीने बांधणे आणि हलका चाबूक मारणे हा स्वेच्छेने स्वीकारलेल्या विधीचा भाग असतो. तो मात्र तिच्या हिशेबात हिंसा म्हणून पडण्याचा संभव असतो. म्हणजे प्रश्नावली नव्याने घडवावी लागते, आणि ती घडविण्यासाठी आतल्यांचे साहाय्य लागते.

आतली माणसे संशोधकांवर सहज विश्वास टाकीत नाहीत. तान्या लुहर्मन यांनी लंडनच्या चेटूकमंडळांत स्वतः दीक्षा घेऊन, त्यांच्यात वावरून, १९८९ साली एक गाजलेला ग्रंथ लिहिला. (याच लुहर्मन यांनी पुढे मुंबईच्या पारशांवर १९९६ साली ‘द गुड पारसी’ हे पुस्तक लिहिले.) सुशिक्षित माणसे जादूवर विश्वास ठेवू लागतात ते कसे, हा त्यांचा विषय होता. ज्यांनी त्यांना घरात घेतले त्यांच्यापैकी काहींना व इतर अभ्यासकांनाही असे वाटले की, बाई भक्त म्हणून आली आणि परीक्षक म्हणून परतली. छळाची चौकशी करणाऱ्याला हा पूर्वग्रह ओलांडावा लागतो. संशोधक स्वतः पेगन असेल तर माणसे बोलतात, पण मग ज्याच्याविरुद्ध बोलतात तोही त्याच्या ओळखीचा असतो.

नमुना निवडणे ही तर याहून बिकट गोष्ट. ज्या समाजाची यादी नाही त्यातून नमुना निवडावयाचा कसा? हेलन बर्जर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दोन हजारांहून अधिक अमेरिकन पेगनांची पाहणी केली. तिची प्रश्नपत्रिका मेळाव्यांतून, नियतकालिकांतून, हस्ते परहस्ते पोहोचविली गेली. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, आणि पुष्कळ अंशी आजही नाही. पण छळामुळे जी मंडळ सोडून गेली ती मेळाव्याला येत नाही, नियतकालिक घेत नाही. नेमका तिचाच आवाज पाहणीतून गळतो. जी येते, तिचे नाव झाकणेही सोपे नाही. येथे प्रत्येकाला दोन नावे असतात, एक व्यवहारातले आणि एक वर्तुळातले, व ती दोन्ही झाकली तरी ‘अमुक परगण्यातील, तीन मुलांची आई असलेली माजी पुजारीण’ एवढे लिहिताच सर्वांना ती ओळखू येते. म्हणून चांगला संशोधक येथे पुष्कळदा उत्तम पुरावा हातात असूनही तो छापीत नाही.

चर्चच्या बाबतीत निदान एक सोय होती, आणि हे म्हणणे थोडे चमत्कारिक वाटेल. ब्रिटनमधील बालअत्याचार चौकशी आयोगाने २०२० साली अँग्लिकन चर्चवर कडक अहवाल दिला तो चर्चच्याच दप्तरातील फायली वाचून. बिशपांनी तक्रारी दडपल्या, परंतु दडपलेल्या तक्रारीचाही कागद राहिला होता. बैठकीच्या खोलीतल्या धर्माला दप्तर नसते. तक्रार यावयाची ती मंडळाच्या पुजारिणीकडे, आणि ज्याच्याविरुद्ध यावयाची तो तिचा नवरा. किंवा तक्रार करणारी पुजारीण स्वतःच. ती निघून गेली तर मंडळच मोडते, आणि इतर आठ जणांना आपला धर्म तिने मोडला असे वाटते. धर्मपीठ नसणे हे स्वातंत्र्य आहे, यात शंका नाही. स्टारहॉक यांनी १९८७ च्या ‘ट्रुथ ऑर डेअर’ या पुस्तकात दुसऱ्यावर गाजविण्याची सत्ता, आतून उमलणारी सत्ता आणि सर्वांनी मिळून बाळगावयाची सत्ता असा जो भेद केला आहे, तो याच स्वातंत्र्यातून आला. परंतु सत्ता नाकारली म्हणजे ती नाहीशी होते असे नाही. तिचे नाव घ्यावयाचे नाही असे ठरले की तिच्याविरुद्ध अर्ज करावयाची जागाही उरत नाही.

कायदा या बाबतीत थोडा पुढे आला आहे. लंडनच्या एका न्यायालयाने २०२२ साली एका यहुदी पतीला अठरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा दिली. दिवाणी घटस्फोट झाल्यावरही त्याने पत्नीला यहुदी धर्मशास्त्रानुसार द्यावयाचे सोडपत्र अडवून ठेवले होते, आणि त्यावाचून तिला आपल्या समाजात दुसरा विवाह करता येत नव्हता. नियंत्रणाच्या गुन्ह्याचे २०१५ चे कलम येथे लागू झाले. धर्मातील गाठ अडवून धरणे हाही छळ असू शकतो, हे त्यामुळे नोंदविले गेले.

पेगन विवाहाला ‘हँडफास्टिंग’ म्हणतात. वधूवरांचे हात दोरीने बांधतात. काही जण ही गाठ एक वर्ष आणि एक दिवस या मुदतीची बांधतात, काही आयुष्यभराची, तर काही पुढच्या जन्मांचीही. स्कॉटलंडमध्ये असा विवाह गेली सुमारे दोन दशके कायद्याने नोंदविता येतो. इंग्लंडमध्ये केवळ या विधीने कायदेशीर विवाह होत नाही, त्यामुळे तेथे पुष्कळ जोडप्यांना ही गाठ म्हणजे फक्त देवतेसमोरची गाठ असते. ती सोडण्याचाही विधी आहे. पण त्यासाठी दोघांनी वर्तुळात यावे लागते, की एकट्या स्त्रीने येऊन दोरी कापली तरी चालते, याबद्दल सर्व मंडळांना बांधील असा एकही नियम नाही.